खाडीतला खोडलेला आकडा

कल्याणहून गायमुखाला जायला किती वेळ लागतो असं कुणी विचारलं, की मी चार दिवस म्हणून सांगतो. लोक हसतात. पण पाण्यानं, आणि तेही जागोजागी थांबून खाडीचा तळ चाचपत गेलं, तर तेवढेच लागतात. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. खाडीखालून पाण्याची मोठी पाइपलाइन न्यायची होती आणि ती कुठून न्यावी हे ठरवण्यासाठी आमच्या ठाण्याच्या ऑफिसनं मला खोली मोजायला पाठवलं होतं. माझं वय चोवीस, शिक्षण डिप्लोमा. गाव मंगळवेढ्याकडचं. आमच्याकडे पाणी विहिरीत असतं, तेही खाली, दिसेल न दिसेल असं. मला पोहता येत नव्हतं. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं.

दुर्गाडी ते मोठागाव

दुर्गाडीच्या किल्ल्याखाली होडी लागली होती. होडीवाले गोमाकाका पन्नाशीचे, काळे, सडपातळ, डोक्याला लाल रुमाल. खाडीकाठच्या गावातले. आधी मिठागरावर होते, मग मासेमारी, आता असं कुणी बोलावलं तर होडी घेऊन येत. मी काठावरून होडीत पाय टाकायला गेलो आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो. एक चप्पल तिथंच राहिली.

"सायब, खारीत उतराचं तं आदी बगाचं," गोमाकाका म्हणाले आणि मला काखेत धरून आत घेतलं. खाडीला ते खारी म्हणत.

काम सोपं होतं. शिशाचं वजन बांधलेली खुणांची दोरी पाण्यात सोडायची, तळाला टेकली की आकडा वाचायचा, वेळ बघायची, वहीत लिहायचं. मी दोरी सोडत होतो, काका होडी सरळ धरत होते. डावीकडे कल्याणची घरं मागे पडली आणि दोन्ही बाजूंना तिवरं सुरू झाली. मी तोवर तिवर हे झाड पाहिलं नव्हतं. जमिनीतून वर आलेली त्याची मुळं खिळे ठोकून ठेवल्यासारखी दिसत होती.

दुपारी काकांनी डबा उघडला. तांदळाची भाकरी, पांढरी, इतकी मऊ की हातात घडी होत होती. बरोबर सुकटीची चटणी. माझ्या डब्यात खानावळीच्या पोळ्या. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, ती मोडावी लागते. मी अर्धी भाकरी घेतली. सुकटीचा वास पहिल्या घासाला नको वाटला आणि तिसऱ्या घासाला कळेनासा झाला.

संध्याकाळी मोठागावच्या रेतीबंदरावर उतरलो आणि चालत डोंबिवलीतल्या खोलीवर गेलो. अंग हलत्या होडीतच असल्यासारखं वाटत होतं.

मुंब्र्याच्या डोंगरासमोर

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला भरती पूर्ण होती. दोन दिवसांवर अमावास्या आली होती, म्हणून पाणी काठोकाठ. मुंब्र्याचा डोंगर समोर दिसायला लागला तिथे काकांचं गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे रेतीबद्दल लिहायचं आहे. पाइपलाइन इथूनच न्यायची असं ऑफिसात जवळजवळ ठरलेलं होतं.

गावाजवळच्या काठाशी मी दोरी टाकली. एक पूर्णांक सहा मीटर. पुढे गेलो, पुन्हा टाकली. दोरी जातच राहिली. पाच पूर्णांक दोन. मी दोरी वर घेतली, पुन्हा सोडली. पाच पूर्णांक दोन. त्यापुढच्या जागी एक पूर्णांक चार.

ऑफिसनं दिलेल्या जुन्या नकाशात तिथे सपाट गाळ दाखवला होता. मला वाटलं, दोरी तिरकी जाते आहे. खरं सांगायचं तर ऊन डोक्यावर आलं होतं, पोटात भूक होती, आणि असा विचित्र आकडा लिहिला की त्याच्या आजूबाजूला वीस ठिकाणी पुन्हा मोजावं लागतं. पाच पूर्णांक दोन लिहिलेलं होतं. मी त्यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, दीड.

काकांना वाचता येत नव्हतं. पण माझ्या हाताकडे बघून त्यांनी विचारलं, "काय चुकला?"

"काही नाही, दोरी सरकली," मी म्हणालो.

आम्ही पुढे जाऊन डबे खाल्ले आणि दुपारभर काम केलं. चारच्या सुमाराला परत फिरलो. काकांना रात्री घरी जेवायचं होतं, मलाही बोलावलं होतं. आता ओहोटी संपत आली होती. सकाळी जिथे पाणी होतं तिथे करडा, चकाकणारा चिखल पसरला होता, आणि त्या चिखलात, पाण्यापासून पंधरा-वीस हातांवर, एक बाई उभी होती. मला वाटलं बसली आहे. कमरेच्या जरा खालीच ती संपत होती.

"रुतली," गोमाकाका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बदलला होता.

बाईंनी हात वर केला. ओरडल्या नाहीत. वय साठीच्या आसपास, पांढरे केस आखूड कापलेले, अंगात पुरुषी शर्ट, गळ्यात दुर्बीण. होडी चिखलाला टेकली तशी मी उडी मारली. त्या क्षणी मला वाटलं होतं, धावत जाईन, हात धरीन, ओढून काढीन. तीन पावलांत मी गुडघाभर रुतलो. तरी पुढे झालो, त्यांचे दोन्ही हात धरले आणि सगळा जोर लावला. त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आवाज निघाला, वेदनेचा.

"सोरा! सोरा त्यांना!" मागून काका ओरडले. "वरती खेचाचं नाय! कंबर तुटल त्यांची!"

"बरोबर आहे त्यांचं," बाई दातांवर दात धरून म्हणाल्या. "सोडा मला. तुम्ही आधी आडवे व्हा. पाठीवर. पाय हळूहळू हलवा."

मी आडवा झालो. चिखल कानात गेला. काकांनी होडीतल्या दोन फळ्या काढून माझ्याकडे सरकवल्या. फळीवर पोट टेकून मी कसाबसा पाय सोडवले. दुसरी फळी बाईंच्या मागे टाकली, म्हणजे त्यांना टेकता येईल. काकांनी दोरी फेकली आणि त्यांच्या काखेखालून गुंडाळायला सांगितली. दुसरं टोक होडीला.

"किती वेळ आहात अशा?" मी विचारलं.

"पावणेतीनपासून. ड्रायव्हर बांधाच्या पलीकडे जीपमध्ये आहे, त्याला सहाची वेळ दिली होती. हाक मारून पाहिली. वारा उलटा आहे." मग म्हणाल्या, "वीस वर्षं मी या जागेवर उभी राहते आहे. ही जागा घट्ट होती."

बोलता बोलता त्यांनी नाव सांगितलं. मी त्यांच्या काखेखाली गाठ मारत होतो, हात तिथंच थांबले. माझी धाकटी बहीण शुभा सोलापूरला बी.एस्सी.ला होती. तिच्या टेबलासमोर भिंतीला वर्तमानपत्रातून कापलेला एक फोटो चिकटवलेला होता. परदेशातल्या कुठल्याशा सभेत भाषण करणाऱ्या बाईंचा. खाडीतल्या खेकड्यांना भरती-ओहोटीची वेळ अंधाऱ्या खोलीत ठेवलं तरी कशी कळते, हे त्यांनी शोधलं होतं आणि त्यावर जगभरचे लोक त्यांना बोलवत होते. शुभानं मला ते तीनदा समजावून सांगितलं होतं. नाव इथे देत नाही, कारण त्यांनीच तसं पुढे बजावलं.

"भरती कधी लागेल, काका?" मी विचारलं.

"लागली," गोमाकाका म्हणाले.

मी पाण्याकडे पाहिलं. मला काही फरक दिसेना. बाईंनी बोटानं चिखल दाखवला. एका बाजूची नांगी मोठी असलेले छोटे खेकडे सगळीकडे चरत होते. "ते बघा. गोळ्या करतायत चिखलाच्या. बिळात शिरून दार लावून घेतील. यांनी दारं लावली की वीस मिनिटांत पाणी इथे."

"आपण गावातून माणसं आणू," मी म्हणालो. "दहा जणांनी मिळून..."

"दहा जन आलं तं दहा जन रुततील," काका म्हणाले. "सायब, ऐका. पानी येऊ द्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पाणी येऊ द्या? बुडतील त्या!"

"सुका चिखल सोरत नाय. पानी खाली उतरला का सैल होतो. होरी बी तरंगंल, यांच्या जवल जाईल. तवा यांना भायेर काराचं."

मी बाईंकडे पाहिलं. मला त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. इतक्या शिकलेल्या माणसाकडे दुसरा काहीतरी उपाय असणारच, असं मला वाटत होतं. त्यांनी डोळे मिटले, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे. पायाभोवती पोकळी धरली आहे, हवा जात नाही. पाणीच ती सोडवील." मग जरा थांबून, "फक्त पाणी कमरेपर्यंत यायच्या आत सुटायला हवं असं नाही. छातीपर्यंत आलं तरी चालेल. त्यापुढे मात्र..."

खेकडे एकेक करून बिळात शिरले. आतून चिखलाचा गोळा वर येई आणि भोक बंद. थोड्या वेळानं सगळा चिखल निर्जीव दिसायला लागला. मग पाणी आलं. लाट नव्हती, आवाज नव्हता. चिखलावरच्या बारीक चरांतून ते जिभांसारखं पुढे आलं, माझ्या फळीखाली शिरलं, बाईंच्या मांड्यांना लागलं. मी त्यांच्या मागे फळीवर गुडघे टेकून त्यांना धरलं होतं. त्या थंडीनं थरथरत होत्या. बहुधा मीही.

"तुम्हाला पोहता येतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग पाणी छातीला लागलं की तुम्ही होडीत जायचं. मी सांगेन तेव्हा. वाद नको."

पाणी कमरेला आलं. होडी हलली, तरंगली, काकांनी ती बांबूनं रेटत जवळ आणली. बाईंनी होडीचा काठ दोन्ही हातांनी धरला. काका पाण्यात उतरले, एक हात होडीला, दुसऱ्या हातानं बांबू त्यांच्या पायाच्या कडेनं खाली खुपसायचे, फिरवायचे, काढायचे. त्या भोकात पाणी जायचं. बुडबुडे वर यायचे. "हलवा बाय. टाच हलवा. वर नको, पुरं-मागं."

पाणी पोटावर आलं. माझी फळी पायाखालून निघाली आणि मी होडीच्या काठाला लोंबकळलो.

"आता जा वर," बाई म्हणाल्या.

मी गेलो नाही. धैर्य म्हणून नव्हे. हात सोडले तर मीच बुडेन अशी भीती होती. पाणी छातीवर आलं. काका श्वास घेऊन खाली गेले. वर आले, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा वर येताना त्यांच्या आधी बाईंचा उजवा पाय वर आला, बुटाशिवाय. डावा मग फार वेळ लागला नाही. आम्ही दोघांनी त्यांना होडीत ओढलं तेव्हा पाणी त्या जागेवर त्यांच्या खांद्याएवढं झालं असतं.

त्या होडीच्या तळाशी पडून होत्या. श्वास लागला होता. जरा वेळानं म्हणाल्या, "घड्याळ बघा. किती वाजले?"

"पाच चाळीस."

"लिहून ठेवा."

काकांचं घर

काकांच्या बायकोनं, सोनाबाईंनी, एकही प्रश्न विचारला नाही. "बाय, आदी आंग धुवा. पानी तापलंय," म्हणाल्या आणि बाईंना मागच्या पडवीत नेलं. बाई बाहेर आल्या त्या सोनाबाईंचं लुगडं नेसून. डावा पाय घोट्यात सुजला होता. एक माणूस जीप आणायला बांधापलीकडे पळाला होता.

सोनाबाईंनी गरम भात वाढला आणि त्यावर निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारत चालणारा छोटा मासा. आमच्याकडे पाहुण्याला आधी गूळ-पाणी देतात, मग विचारपूस, मग जेवण. इथे आधी ताट. बाईंनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "कुठे मिळतात या?"

"तुमी रुतलाव ना, तितंच," सोनाबाई म्हणाल्या. "आमी सगल्या बाया तितंच जाताव. ओहोटीला. उद्या बी जानार."

बाईंचा हात ताटावर थांबला. त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही खोली मोजता म्हणालात. माझ्या पायाखालचा गाळ सारखा खाली घसरत होता. कुठेतरी जवळच खड्डा असला पाहिजे. तुमची वही बघू."

वही प्लास्टिकच्या पिशवीत होती, म्हणून वाचली होती. नसती वाचली तर बरं झालं असतं असं मला त्या क्षणी वाटलं. त्यांनी कंदिलाशी धरून पानं उलटली. एका जागी बोट थांबलं.

"हे काय खोडलंय?"

"पाच पूर्णांक दोन आला होता," मी म्हणालो. "दोनदा. मला चुकीचा वाटला."

"चुकीचा वाटला म्हणून खोडलात, की जेवायची वेळ झाली होती म्हणून?"

माझ्या समोर भाताचं ताट होतं. "दोन्ही," मी म्हणालो.

मला वाटलं आता बाई रागावतील. काकाच बोलले. "रेतीवाल्यांनी पंप लावलाय दोन वर्सं. खालून रेती खेचतात. वरचा तसाच दिसतो, खाली काय उरला नाय. मला वाटायचं, आपल्याला कोन विचारतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सकाली तुमचा आकडा आयकला असता तं मी बी बोललो असतो."

"मी तुमच्या वयाची असताना एक खेकडा गाळला होता," बाई शेवटी म्हणाल्या. "चाळीसांपैकी एक. बाकीच्यांच्या वेळेशी त्याची वेळ जुळत नव्हती. मी म्हटलं, आजारी असेल. तो एकटाच नीट होता. ते कळायला मला सहा वर्षं लागली." त्यांनी वही परत दिली. "माझी सहा वर्षं गेली, एवढंच. या बायकांचं तसं नाही."

जीप आली. जाताना त्यांनी काकांचे दोन्ही हात धरले. मला म्हणाल्या, "माझ्याबद्दल कुठे सांगत बसू नका. उद्याचं काम करा."

बांबू

मी त्या दिवशी डोंबिवलीला गेलोच नाही. सकाळी भरतीच्या पाण्यात आम्ही त्याच काठावर परत गेलो आणि पावला-पावलावर दोरी टाकली. पाच, सहा, एका जागी सात. खड्डा काठाखालूनच सुरू होत होता आणि गावाच्या दिशेनं लांबवर गेला होता. प्रत्येक आकडा मी मोठ्यानं वाचला, काकांनी ऐकला, मगच लिहिला. सोनाबाईंनी जुनं लाल लुगडं फाडून दिलं. जिथवर जमीन खात्रीची होती तिथे आम्ही सात बांबू ठोकले आणि चिंध्या बांधल्या.

दुपारी बायका टोपल्या घेऊन आल्या. चौदा-पंधरा असतील. बांबू बघून थांबल्या. त्यांत हिराबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या. "यो कोनी लावला?"

"पुढे जाऊ नका," मी म्हणालो. "खाली पोकळ आहे."

"माजी सासू इतं जायाची. मी इतं जाताव पन्नास वर्सं. तू काल आयलास."

मी वही उघडून आकडे वाचायला लागलो. त्या ऐकून घेत होत्या आणि मला कळत होतं की माझ्या बोलण्यात काही वजन नाही. मग सोनाबाई पुढे झाल्या आणि काल काय झालं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. बाई किती रुतली, काका किती वेळा खाली गेले, लुगडं कुठलं नेसवलं, सगळं. बायका मुकाट वरच्या अंगाला वळल्या. तिकडे निवट्या कमी, वाट दुप्पट. हिराबाई सर्वांत शेवटी निघाल्या आणि जाता जाता मला म्हणाल्या, "आज कालवन नाय. आता तुज्या आकड्यांचा कालवन करतंय."

गायमुख

चौथ्या दिवशी काल्हेर, कोलशेत मागे टाकून खाडी रुंद झाली. डावीकडे येऊरचे डोंगर थेट पाण्यापर्यंत उतरतात. घोडबंदर रोडवर तेव्हा एखादा ट्रक जायचा, बाकी झाडं. इतकी सुंदर जागा मी त्याआधी पाहिली नव्हती आणि माझं लक्ष लागत नव्हतं. गायमुखला काकांचा निरोप घेतला. त्यांनी सुकटीची पुडी हातात दिली.

माजिवड्याच्या ऑफिसात साहेबांनी वही पाहिली. ठरलेल्या जागीच सात मीटरचा खड्डा. "नकाशात हे नाही," ते म्हणाले. मी आधी काय खोडलं होतं आणि का, तेही सांगितलं. बाईंचं नाव मात्र सांगितलं नाही. साहेब वही मिटून म्हणाले, "म्हणजे तुमच्या वहीतलं बाकीचं तरी खरं कशावरून?" त्यांनी दुसरं पथक पाठवून सगळी खाडी पुन्हा मोजली. बाकीचं जुळलं. खड्डा आमच्या आकड्यापेक्षा हातभर खोलच निघाला. पाइपलाइनची जागा वर सरकली आणि मला वर्षभर टेबलाच्या कामावर बसवलं. त्यात अन्याय झाला असं मला तेव्हाही वाटलं नाही.

गणपतीनंतर एका रविवारी मी काकांच्या गावी गेलो. बांबू दिसेनात. सोनाबाईंनी सांगितलं, श्रावणात एका दुपारी, ओहोटीच्या वेळेला, तो काठ तुटला. वीस-पंचवीस पावलं जमीन एकदम पाण्यात बसली. आवाज गावापर्यंत आला.

"बायका?" मी विचारलं.

"वरल्या अंगाला व्हत्या. हिराबाय बी."

परत आल्यावर मी पत्ता मिळवून बाईंना पत्र लिहिलं, पहिलंच. दोन पानं लिहून फाडली आणि शेवटी एवढंच ठेवलं, की काठ तुटला, तेव्हा तिथे कुणी नव्हतं. आठ दिवसांत पोस्टकार्ड आलं. अक्षर बारीक, सरळ.

"वाचून पाय दुखायचा थांबला. पण किती वाजता तुटला ते लिहिलेलं नाही. कोणती तिथी, पाणी कुठवर होतं? विचारून कळवा."

पुढच्या रविवारी मी वही घेऊन पुन्हा काकांच्या गावाला निघालो.